मिशी : कोणती, कशी आणि कोणाची?



वसंत व्याख्यानमालेत ब्रह्म आणि माया, अर्थसंकल्प आणि पाणीटंचाई हे विषय शोभून दिसतात. त्यांच्या शेजारी 'मिशी' हा शब्द छापलेला पाहून काहींना मुद्रकाची चूक झाली असे वाटले असेल. चूक झालेली नाही. आम्ही विषय विचार करूनच दिला आहे, आणि चालकांनीही तो हसत हसत का होईना, पण स्वीकारला आहे.

एखाद्या वस्तूला समाजात किती मान आहे हे पाहायचे असेल तर भाषेकडे पाहावे. मुलाचे वय वाढले की त्याला मिसरूड फुटते. पराक्रमी माणूस मिशांना पीळ भरतो, जिंकलेला मिशांवर ताव देतो, घरात दाणा नसलेला मिशीला तूप लावून हिंडतो, आणि पैज मारणारा 'खोटे ठरले तर मिशी उतरवीन' असे म्हणतो. मिशांचे प्रकारही आपण किती बारकाईने नोंदवून ठेवले आहेत! झुपकेदार, पल्लेदार, आकडेबाज, पीळदार, कोरलेली, तलवारकट. आणि कानापासून खाली उतरून ओठावर येऊन मिळणाऱ्या गलमिशा त्या वेगळ्याच. नाकाखालच्या दोन-अडीच इंच जागेवर ज्या समाजाने अब्रू, पौरुष, पैज आणि ऐपत एवढा सगळा बोजा लादला, त्या समाजाने त्या जागेचा एक तास विचार करायला हरकत नसावी.

आमच्या व्याख्यानाचे तीन भाग आहेत. मिशी कोणती निवडावी, ती कशी वाढवावी व राखावी, आणि शेवटी, ती कोणाची? पहिले दोन भाग न्हाव्याच्या आरशासमोरचे आहेत. तिसरा भाग आरशात मावत नाही.

प्रथम निवड. मिशीची फॅशन आजवर मुख्यतः तीन ठिकाणांहून आली आहे : छावणीतून, सिंहासनावरून आणि पडद्यावरून. छावणीची गोष्ट आपल्या मुंबई इलाख्याशी जोडलेली आहे. इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांचे अंमलदार बहुधा गुळगुळीत दाढी केलेले असत. मिशीवाल्या शिपायांपुढे बिनमिशीचा साहेब रुबाबदार दिसेना. हळूहळू गोऱ्यांनीही मिशा राखल्या, आणि १८५४ साली कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यातील युरोपीय सैनिकांना मिशी सक्तीची झाली. पुढे ब्रिटिश सैन्याच्या नियमावलीतच असे कलम आले की हनुवटी आणि खालचा ओठ भादरावा, वरच्या ओठाला मात्र वस्तरा लावू नये. म्हणजे राज्य त्यांनी आपल्यावर केले, पण मिशीच्या बाबतीत त्यांनी आपला धडा गिरवला! हे कलम पहिल्या महायुद्धापर्यंत टिकले. खंदकांत लढणाऱ्या पुष्कळांनी ते पाळणे सोडून दिले होते. ऑक्टोबर १९१६ मध्ये जनरल मॅक्रेडी यांनी मिशी ऐच्छिक केल्याचा हुकूम काढला, आणि त्यांना स्वतःला मिशी इतकी नकोशी होती की हुकमावर सही करून त्यांनी लगोलग आपलीच मिशी उतरवली, असे सांगतात.

सिंहासनावरची मिशी म्हटली की जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म आठवतो. त्याच्या मिशीची दोन्ही टोके काटकोनात वर वळलेली असत. ती वळवणारा हाबी नावाचा दरबारी न्हावी होता. त्याने मिशी ताठ ठेवणारे एक लेपन बाजारात आणले आणि त्याला नाव दिले ते 'साधले!' अशा अर्थाचे. रात्री मिशीला पट्टी बांधून झोपण्याची रीतही त्या देशात रूढ झाली. कारकुनापासून कर्नलपर्यंत सगळ्यांच्या मिशा आभाळाकडे बोट दाखवू लागल्या. नोव्हेंबर १९१८ मध्ये कैसरने गादी सोडली आणि पुढे हॉलंडमधल्या परागंदा आयुष्यात त्याने दाढीही राखली. त्याच्यामागे ती फॅशनही निवृत्त झाली. 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' असे आपण म्हणतो. पण मिशीचा पीळ सत्तेबरोबर जातो, हे या उदाहरणावरून दिसते.

पडद्यावरची सर्वांत प्रसिद्ध मिशी खोटी होती. चार्ली चॅप्लिनने १९१४ साली नाकाखाली चिकटवलेला तो लहानसा चौकोन. चॅप्लिन जन्मला १६ एप्रिल १८८९ रोजी. त्यानंतर चारच दिवसांनी जन्मलेल्या ॲडॉल्फ हिटलरने तोच चौकोन पुढे आपल्या ओठावर खरोखरच वाढवला. एकाच आकाराच्या मिशीने एकाने जगाला हसवले आणि दुसऱ्याने रडवले. १९४० साली 'द ग्रेट डिक्टेटर' या चित्रपटात चॅप्लिनने त्याच मिशीनिशी हुकूमशहाची थट्टा केली. पण दुसऱ्या महायुद्धानंतर ती मिशी जगात कोणी निर्धास्तपणे ठेवू शकला नाही. केसांचा काहीच दोष नव्हता. दोष संगतीचा होता.

त्यानंतर क्लार्क गेबलची पेन्सिलीने रेघ ओढावी तशी मिशी आली. तिचीच भावंडे आपल्याकडे राज कपूरच्या ओठावर दिसली आणि गल्लोगल्ली 'तलवारकट' म्हणून कोरली गेली. अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या ताब्यात सापडले आणि १ मार्चला परत आले. त्यांच्या गालावरून वळसा घेणाऱ्या मिशीची मागणी देशभरच्या केशकर्तनालयांत होऊ लागली. हवाई दलातील धैर्य केशकर्तनालयात मिळत नाही, मिशी मिळते. म्हणून माणसे मिशी घेतात.

फॅशन करू नये असे आमचे म्हणणे नाही. एवढेच म्हणणे आहे की फॅशन दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून येते आणि मिशी आपल्या चेहऱ्यावर राहते. म्हणून निवडताना छायाचित्र कमी पाहावे आणि आरसा जास्त पाहावा. चेहरा उभट असेल तर आडवी, दोन्ही बाजूंना पसरणारी मिशी त्याची लांबी तोडते. चेहरा रुंद आणि गोल असेल तर तोंडाच्या कडांवरून किंचित खाली उतरणारी शोभते. नाक ठळक असेल तर खाली भरदार मिशी हवी; तिथे तलवारकट कोरली तर मोठ्या वाड्यापुढे एका विटेचे कुंपण घातल्यासारखे दिसते. नाक आणि ओठ यांतील अंतर कमी असेल तर झुपका टाळावा, नाहीतर माणूस हसतो की रडतो हे समोरच्याला कळत नाही. आणि आपल्या ओठाच्या मध्यावर केस विरळ आहेत की कडांना, हे आधी पाहावे. जमीन पाहून पीक घ्यावे. कोरडवाहू रानात ऊस लावू नये.

आता दुसरा भाग, वाढवणे आणि राखणे. वयात येताना पुरुषी संप्रेरकांमुळे लव जाड व काळी होऊ लागते. तिची सुरुवात वरच्या ओठाच्या दोन्ही कडांना होते, मग ती मध्याकडे सरकते, आणि गाल व हनुवटीची पाळी नंतर येते. म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या मिशीत मधे खिंड दिसते. ती काळ भरून काढतो, तेल नव्हे. आमच्याकडे एक समज फार जुना आहे, की वारंवार वस्तरा फिरवला की केस दाट येतात. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन संशोधिकेने १९२८ साली प्रत्यक्ष मोजमापे घेऊन दाखवले की दाढी केल्याने केसांची जाडीही वाढत नाही आणि वेगही वाढत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो हाताला राठ लागतो, इतकेच. दाटपणा मुळाशी ठरतो आणि मूळ वस्तऱ्याच्या आवाक्यात नसते. तेव्हा मुलांनो, गुळगुळीत ओठावर रोज वस्तरा चालवून काही साधणार नाही. आणि बाजारात दाटपणाची हमी देणाऱ्या बाटल्या घेऊन तर त्याहून काही साधणार नाही.

चेहऱ्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. या एका आकड्यावरून सगळा हिशेब मांडता येतो. तलवारकट दोन-तीन आठवड्यांत उभी राहते. भरदार मिशीला दीड-दोन महिने लागतात. टोके वळवायची असतील तर तीन-चार महिन्यांचा धीर हवा. पहिल्या महिन्यात कात्री हातात घेऊ नये. या काळात ओठाला खाज सुटते, आरसा नावडतो आणि घरची माणसे 'आजारी आहेस का?' असे विचारतात. बहुतेक मिशा याच महिन्यात मरतात.

महिना उलटला की रोज बारीक दातांच्या फणीने केस मध्यापासून दोन्ही बाजूंना विंचरावे. केसांनाही वळण लावावे लागते. कापताना केस कोरडे असावेत, कारण ओला केस लांब दिसतो आणि वाळला की आखूड होतो. ओला असताना जेवढा बरोबर कापला तेवढा वाळल्यावर कमी पडतो. ओठाची कड मोकळी करायची असेल तर मध्यापासून सुरुवात करून कडेकडे जावे आणि एका वेळी थोडेच कापावे. दोन मांजरांचे लोणी वाटणारे माकड सर्वांना ठाऊक आहे. या बाजूचे जरा जास्त झाले म्हणून तिकडचे, तिकडचे जास्त झाले म्हणून इकडचे, असे करता करता त्याने सगळे लोणी संपवले. कात्री हातात असलेला माणूस आणि ते माकड यांत फारसा फरक नसतो. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कोणाच्याच नसतात, चेहऱ्याच्याही नाहीत.

टोके वळवायची तर मेण लागते. ते घरी करता येते. मधमाश्यांचे मेण दोन भाग आणि खोबरेल एक भाग, वाटीत घालून ती वाटी गरम पाण्यात ठेवावी, वितळले की ढवळून थंड करावे. मेण सुमारे ६२ ते ६४ अंशांना वितळते, खोबरेल मात्र २४-२५ अंशांनाच पातळ होते. म्हणून वैशाखात खोबरेल आणखी कमी करावे, नाहीतर सकाळी आकडेबाज निघालेली मिशी दुपारी कचेरीत मान टाकते. हरभऱ्याएवढा गोळा बोटांवर चोळून मऊ करावा, आणि मध्यापासून टोकाकडे नेत शेवटी पीळ द्यावा. रात्री कोमट पाण्याने धुऊन टाकावे.

जेवणाचा प्रश्न राहतोच. ताक, पिठले आणि आमरस हे मिशीचे तीन शत्रू आहेत. विलायतेत एकोणिसाव्या शतकात चहाने मिशीचे मेण वितळू लागले, तेव्हा कपाच्या आत कडेला चिनी मातीची पट्टी बसवलेले खास मिशीवाल्यांचे कप निघाले. आमच्या आजोबांना त्यांची गरज भासली नाही. ते चहा बशीत ओतून पीत. बशीच्या पसरट कडेवर ओठ पुढे करता येतो, मिशी कोरडी राहते, आणि वर चहाही निवतो.

तीन गोष्टी मात्र गंमत बाजूला ठेवून सांगितल्या पाहिजेत. पहिली : वरच्या ओठावर फोड आला तर तो दाबू नये आणि तिथले केस उपटू नयेत. नाक आणि वरचा ओठ या भागातील शिरांचा संबंध कवटीच्या आतील रक्तवाहिन्यांशी असतो. संसर्ग आत गेला तर जिवावर बेतू शकते. सूज आली, ताप आला, तर वैद्याकडे जावे. दुसरी : वस्तऱ्याने दाढी-मिशी करून घेताना नवे पाते आपल्यासमोर काढून लावायला सांगावे. काविळीचे काही प्रकार आणि एचआयव्हीसारखे रोग रक्तातून जातात, आणि दिसणार नाही एवढी जखमही त्यांना पुरते. चांगला कारागीर न सांगताच पाते बदलतो. त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. तिसरी : कलप. काळ्या कलपात बहुधा पीपीडी नावाचे द्रव्य असते आणि काहींच्या कातडीला ते मुळीच सोसत नाही; ओठ सुजतात, पाणी सुटते. आधी कानामागे थेंब लावून दोन दिवस वाट पाहावी. पांढऱ्या मिशीसाठी ओठ भाजून घेण्यात शहाणपण नाही. लोकमान्यांच्या किंवा आइन्स्टाइनच्या मिशीला कोणी रंग विचारत नाही.

आता तिसरा भाग, जो आरशात मावत नाही. मिशी कोणाची?

दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' काढत होते. तो चित्रपट १९१३ साली मुंबईत लागला. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करणार होते, तेव्हा मिशा उतरवणे भाग होते. पण काही नटांनी साफ नकार दिला. मिशी उतरवायची ती वडील गेल्यावर. वडील जिवंत असताना कशी उतरवावी? शेवटी फाळक्यांना नटांची आणि त्यांच्या वडिलांचीही समजूत काढावी लागली. म्हणजे ओठ मुलाचा होता, पण त्यावरची मिशी बापाची होती! साठ-सत्तर वर्षांनी, १९७९ साली, हृषीकेश मुखर्जींनी 'गोलमाल' काढला. त्यातील मालकाची ठाम समजूत अशी की बिनमिशीचा माणूस भरवशाचा नसतो. म्हणून बिचाऱ्या अमोल पालेकरांना एका मिशीसाठी दोन जन्म घ्यावे लागले. आपण पोट धरून हसलो. पण नोकरीसाठी चेहरा बदलावा लागणे ही गोष्ट सगळ्यांनाच हसण्यासारखी नसते.

एप्रिल १९०७ मध्ये पॅरिसमधील उपाहारगृहांच्या वाढप्यांनी संप केला. त्यांच्या मागण्यांत एक मागणी मिशी ठेवू देण्याची होती. त्या शहरात मिशी सभ्य पुरुषाची खूण होती, आणि म्हणूनच सेवकाने ती ठेवू नये असा मालकांचा दंडक होता. ताटे उचलणाऱ्याने ताटावर बसलेल्यासारखे दिसता कामा नये! वाढप्यांना मिशीची हौस होती असे नाही. आपल्या ओठावर दुसऱ्याची मालकी नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

ही फ्रान्सची जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये गुजरातेत गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावी मिशी राखली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या तक्रारी पोलिसांत नोंदल्या गेल्या. त्यानंतर गुजरातेतील अनेक दलित तरुणांनी आपल्या मोबाइलवर स्वतःच्या छायाचित्राच्या जागी पीळदार मिशीचे चित्र लावले. एस. हरीश यांच्या 'मीश' या मल्याळम कादंबरीचा विषयही हाच आहे. कुट्टनाडच्या पाणथळ मुलखातला वावच्चन हा पुलय जातीतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातला माणूस. नाटकात पोलिसाच्या कामासाठी तो भली मोठी मिशी वाढवतो, आणि नाटक संपल्यावर ती उतरवायला नकार देतो. तेवढ्याने सारा मुलूख बिथरतो. ही कादंबरी २०१८ साली साप्ताहिकातून क्रमशः येत असताना वेगळ्याच कारणावरून वाद पेटला आणि लेखकाला ती मधेच थांबवावी लागली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी घालायला नकार दिला, आणि २०२० साली तिच्या इंग्रजी भाषांतराला जेसीबी पुरस्कार मिळाला. ज्या मिशीवर आम्ही गेला पाऊण तास विनोद करीत आहोत, ती मिशी कोणाच्या ओठावर आहे एवढ्यावरून आपल्या देशात माणसाला मार बसू शकतो. मेणाचे आणि फणीचे सारे शास्त्र या एका वाक्यापुढे फिके आहे.

समोर बसलेल्या भगिनी मनात म्हणत असतील की या विषयात आमचा काय संबंध? संबंध आहे. वरच्या ओठावर लव स्त्रियांनाही असते. कोणाला कमी, कोणाला जास्त. संप्रेरकांच्या काही विकारांत ती वाढते, तेव्हा वैद्याचा सल्ला जरूर घ्यावा. पण पुष्कळदा विकार काहीच नसतो. असते ती फक्त लाज, आणि तीही शिकवलेली. जो केस भावाच्या ओठावर आला की घर कौतुक करते, तोच बहिणीच्या ओठावर आला की आरशासमोर दोरा घेऊन तिला बसवले जाते. मेक्सिकोची चित्रकर्ती फ्रीडा काहलो हिने आपल्या आत्मचित्रांत ओठावरची लव मुद्दाम रंगवली. कोणी दोऱ्याने ती काढावी, कोणी राहू द्यावी. पण ते त्या बाईने ठरवावे, शेजारणीने नव्हे.

मिशीत पौरुष असते का, हा प्रश्न शेवटी उरतो. इंग्रजी सत्तेशी झुंजलेल्यांत भरघोस मिशीचे टिळक होते, साध्या कातरलेल्या मिशीचे गांधी होते आणि बिनमिशीचे नेहरू होते. तुरुंगाने तिघांना सारखेच आत घेतले. तेव्हा मिशीला पीळ अवश्य द्यावा, मेण लावावे, हौस पुरी करावी. अब्रूची ठेव मात्र तिच्यात ठेवू नये, कारण जी अब्रू वस्तऱ्याने जाते ती मुळात आपली नव्हतीच. आणि आपल्या मिशीला पीळ देताना एक विचार करावा : आपल्या शेजाऱ्याला, आपल्याकडे कामाला येणाऱ्याला, गावकुसाबाहेर राहिलेल्याला तसाच पीळ निर्धास्तपणे देता येतो का? येत नसेल, तर आपलीही मिशी अजून पुरती आपली झालेली नाही. ती जातीची, मालकीची, नाहीतर धाकाची आहे.